पुस्तक बदलून मिळेल का?

खून कुणी केला ते मला अजून कळलेलं नाही!

दचकू नका, खून पुस्तकातला आहे. गेल्या दिवाळीत माझी मावशी न्यू जर्सीहून खोपोलीला, म्हणजे माझ्या आजोळी, आली होती. जाताना आपला जुना किंडल मला देऊन गेली. "मी नवीन घेतलाय, हा राहू दे तुझ्या हॉस्टेलवर," म्हणाली. तिकडच्या पब्लिक लायब्ररीतून तिने घेतलेली एक इंग्रजी रहस्यकथा त्यात तशीच होती. ती मला वाचायची होतीच. मावशीने बजावलं होतं, "वाचून होईपर्यंत वाय-फाय चालू करू नकोस गं." मी "बरं" म्हटलं आणि नेहमीप्रमाणे विसरले.

आठ दिवस रोज रात्री पांघरुणात शिरून वाचत होते. ८२ टक्के झालं होतं (किंडलवर पानांऐवजी टक्के दिसतात, आमच्यासारख्या पॉइंटर मोजणाऱ्यांना तेच बरं). सहा संशयितांपैकी दोघं उरले होते. इतक्यात रूममेटने विचारलं, "यावर नेट चालतं का गं?" दाखवायला म्हणून मी वाय-फाय ऑन केलं, आणि पुस्तक गेलं! म्हणजे नाव तिथेच होतं, मुखपृष्ठही होतं, पण उघडेना. लायब्ररीची मुदत संपली आहे, एवढीच पाटी.

मावशीला फोन लावला.

"सांगितलं होतं ना मी! मुदत केव्हाच संपली होती त्याची. नेट बंद होतं म्हणून त्या बिचाऱ्याला कळलं नव्हतं."

"मग परत इश्यू कर ना!"

"केलं असतं गं. पण रांग आहे. माझा नंबर एकोणिसावा."

फाइलसाठी रांग?? मी कॉम्प्युटरची विद्यार्थिनी. फाइल म्हणजे कंट्रोल-सी, कंट्रोल-व्ही, हे आमचं पहिलं ब्रह्मज्ञान. एका सेकंदात ज्याच्या हजार प्रती निघतात त्यासाठी अमेरिकेत अठरा माणसं रांगेत उभी आहेत आणि एकोणिसावी माझी मावशी आहे, हे काही माझ्या डोक्यात शिरेना. मग सबमिशन्स बाजूला ठेवून (सरांनी हे वाक्य वाचलं नाही असं समजावं) दोन रात्री बसले आणि हा प्रकार चालतो कसा ते समजून घेतलं.

तर मंडळी, गोष्ट अशी आहे. तिकडची लायब्ररी ई-बुक विकत घेत नाही, त्याचा परवाना घेते. एका परवान्यावर एका वेळी एकच वाचक. तो वाचतोय तोवर बाकीच्यांनी थांबायचं, अगदी कागदी पुस्तकासारखं. फाइल कुलूपबंद असते आणि तिची किल्ली वाचकाच्या खात्याला बांधलेली असते. किल्लीवर तारीख असते. तारीख उलटली की किल्ली चालत नाही. फाइल तुमच्या हातातच असली तरी ती नुसती अक्षरांची खिचडी. "पुस्तक परत गेलं" असं आपण म्हणतो, पण कुठेही काही जात नाही, फक्त किल्ली मरते. म्हणून दंड नाही, आठवणीची चिठ्ठी नाही आणि लायब्ररीयन मॅडमच्या डोळ्यांना डोळा देणं नाही! क्लीव्हलंडची ओव्हरड्राइव्ह ही कंपनी २००३ पासून वाचनालयांना अशी पुस्तकं पुरवते. सप्टेंबर २०११ मध्ये ती किंडलवरही मिळू लागली आणि पहिल्या झटक्यातच अमेरिकेतली ११,००० हून अधिक वाचनालयं त्यात आली. ही किंडलची सोय मात्र अमेरिकेपुरतीच. आपल्याकडे किंडल मिळतो, त्यावर पुस्तक विकत मिळतं, वाचनालयातून मिळत नाही.

इथपर्यंत मी खूश होते. पुढचं वाचलं आणि थोडी चिडले.

२०११ सालीच हार्परकॉलिन्स या बड्या प्रकाशकाने ठरवलं की वाचनालयाने घेतलेलं ई-बुक २६ वेळा इश्यू झालं की परवाना संपला, पुन्हा पैसे भरा. २६ च का? दोन आठवड्यांची मुदत धरली तर २६ वाचकांत एक वर्ष होतं. कागदी पुस्तकही झिजतंच की, असाही एक युक्तिवाद झाला. मी म्हटलं बघू या तरी. आपल्या लायब्ररीत जाऊन ग्रेवालच्या 'हायर इंजिनिअरिंग मॅथेमॅटिक्स'ची सगळ्यात म्हातारी प्रत काढली आणि मागच्या स्लिपवरचे तारखांचे शिक्के मोजले. ५३! आणि ही वर चिकटवलेली दुसरी स्लिप. पहिली तिच्याखाली आहे, ती मोजता येत नाही. पाठ दोनदा शिवलेली, पुठ्ठा बदललेला, इंटिग्रेशनची काही पानं कुणीतरी केटीच्या भीतीने फाडून नेलेली, समासात तीन पिढ्यांच्या पेन्सिलीच्या खुणा. एका उदाहरणाशेजारी कुणीतरी लिहिलंय, "हे येतंच येतं." (आलं होतं.) हे पुस्तक २६ व्या विद्यार्थ्यानंतर आपोआप बंद झालं असतं, तर आपल्यापैकी कितीजण एम-थ्री सुटले असते?

कागदी प्रत वाचनालयाने एकदा विकत घेतली की ती कुणाला वाचायला द्यायची, किती वर्षं द्यायची, हे वाचनालयाने ठरवायचं. त्यासाठी प्रकाशकाला विचारावं लागत नाही. ई-बुकच्या बाबतीत प्रत्येक गोष्ट परवान्यात लिहिलेली असते आणि परवाना लिहिणारा दुसराच असतो. विकत घेतलेल्याचंसुद्धा तेच. जुलै २००९ मध्ये अ‍ॅमेझॉनने लोकांनी रीतसर पैसे देऊन घेतलेलं एक पुस्तक त्यांच्या किंडलवरून परस्पर पुसून टाकलं होतं. विकणाऱ्याकडे हक्क नव्हते म्हणे. नंतर पैसे परत दिले, माफीही मागितली. पुस्तक कोणतं होतं? जॉर्ज ऑर्वेलचं '१९८४'! आता याला काय म्हणावं...

मग तुम्ही विचाराल, तू ई-बुकच्या विरोधात आहेस का? मुळीच नाही. उलट माझी तक्रार अशी की आपल्याकडे ई-बुक पुरेसं इश्यूच होत नाही. ते कसं, ते सांगते. पण त्याआधी आजीबद्दल थोडं.

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. मराठी आम्हाला 'थर्ड लँग्वेज' होती, म्हणजे पास होण्यापुरती. आज जे काही बरंवाईट मराठी मी लिहिते आहे ते सगळं आजीच्या वाचनालयाच्या कार्डामुळे. दर मे महिन्यात आजोळी गेले की आजी सकाळी पिशवी हातात द्यायची आणि म्हणायची, "जा, पुस्तक बदलून आण." हा शब्द मला तेव्हा फार गमतीचा वाटायचा. इंग्रजीत पुस्तक 'बॉरो' करतात, हिंदीत 'उधार' घेतात, दोन्हीत कर्ज काढल्यासारखं वाटतं. आपण मात्र पुस्तक बदलतो! एक द्यायचं, दुसरं आणायचं. म्हणजे घरात एक पुस्तक कायम असणारच, हे त्यात गृहीत धरलेलं. महिन्याची वर्गणी आणि एकदाच भरलेली अनामत, बस्स. काउंटरवरचे काका माझ्या हातातलं पुस्तक बघून सांगायचे, "हे आजींनी वाचलंय. हे ने." असा शोधक आमच्या कुठल्याही सर्च अल्गोरिदममध्ये अजून बसलेला नाही.

आता आजीचे गुडघे दुखतात आणि एका डोळ्याला मोतीबिंदू आहे. मावशीच्या किंडलवर मी अक्षरं मोठी करून दाखवली तर म्हणाली, "अगो बाई! यात आमच्या वाचनालयातली पुस्तकं येतात का?"

येत नाहीत. आणि का येत नाहीत, याचं नीट उत्तर माझ्याकडे नव्हतं.

आता आपल्या कॉलेजकडे येऊ. कुणावर टीका करण्याचा हेतू नाही. लायब्ररीतल्या स्टाफने मला नेहमी मदतच केली आहे, पीएलच्या काळात बुक बँकेचे सेट वाटताना त्यांचे काय हाल होतात तेही मी पाहिलंय. पण खरं ते सांगायला हवं. लायब्ररीच्या दारावर ई-बुक्सचा बोर्ड आहे. नॅकच्या मूल्यांकनात ग्रंथालयाच्या ई-साधनांची विचारणा होत आली आहे, तेव्हा त्या फाइलमध्येही आपली ई-बुक्स असणार. वाचायची कशी? डिजिटल सेक्शनमधल्या पीसीवर बसून, कॅम्पसच्या नेटवर्कवर. हॉस्टेलवरून उघडत नाहीत. डाउनलोडचं बटण दिसतं पण दाबलं जात नाही. सेक्शन बंद होतो संध्याकाळी सातला. प्रॅक्टिकल्स सुटतात पाचला. आणि लेडीज हॉस्टेलचा इन-टाइम आहे साडेसात!

हा हिशेब मुलांनी कधी केला नसेल, कारण त्यांना तो करावा लागत नाही. पीएलमध्ये रीडिंग रूम रात्री अकरापर्यंत उघडी असते. रेफरन्सची जाड पुस्तकं तिथेच बसून वाचायची असतात, बाहेर नेता येत नाहीत. मुलं जेवून परत येतात, तीन-तीन तास बसतात. आम्ही साडेसातला गेटच्या आत. जे पुस्तक रात्री अकरापर्यंत उघडं आहे ते आमच्यासाठी साडेसातला बंद होतं. इन-टाइम योग्य की अयोग्य या वादात मी इथे पडत नाही (तो वेगळा लेख आहे आणि तो छापला जाणार नाही). मी एवढंच म्हणते की मुलीला बाहेर राहता येत नसेल तर पुस्तकाला तरी आत येऊ द्या. रेफरन्सच्या एकुलत्या एका प्रतीला ते शक्य नाही. ई-बुकला आहे. नेमकं त्यालाच आपण पीसीला साखळीने बांधून ठेवलंय. युरोपात मध्ययुगात मठांतल्या ग्रंथांना खरोखरच साखळ्या लावत, कारण एकेक ग्रंथ हाताने लिहायला महिनोन्महिने लागत. आपण कशासाठी लावतो?

बरं, ऑनलाइन वाचा म्हणावं तर आपला भाग कसा आहे ते तुम्ही जाणताच. डोंगराच्या कुशीत असल्याने रेंज खिडकीत. जुलैमध्ये पावसाने एकदा धरलं की लाईट जाते, लाईट गेली की राउटर जातो, राउटर गेला की 'पेज कुड नॉट बी लोडेड'. गंमत बघा, खोपोलीला टाटांचं जलविद्युत केंद्र १९१५ सालापासून आहे. मुंबईच्या गिरण्या ज्या विजेवर चालल्या ती इथे तयार झाली. आणि आम्ही मोबाईलच्या टॉर्चवर मायक्रोप्रोसेसर वाचतो! शनिवारी घरी जाताना कर्जत लोकलमध्ये दोन तास हाताशी असतात. पण नेरळ सोडलं की वांगणीपर्यंत रेंज येते-जाते. अशा जागेसाठीच तर ई-रीडर जन्माला आलाय. त्याच्या पडद्यात काळ्या-पांढऱ्या रंगाचे विद्युतभारित सूक्ष्म कण असतात. पान बदलताना ते वरखाली होतात, तेवढीच वीज लागते. पान स्थिर असताना जवळजवळ शून्य. एकदा चार्ज केला की आठवडे चालतो. पुस्तक एकदा आत उतरवलं की नेट नको, लाईट नको. फक्त ते उतरवू द्यायला हवं ना!

सरकारी योजनांचं काय, असं मी सरांना विचारलं. त्यांनी सांगितलं ते आणि नंतर मी शोधलं ते, दोन्ही मिळून चित्र असं. आयआयटी खरगपूरने उभारलेली नॅशनल डिजिटल लायब्ररी २०१८ साली देशाला अर्पण झाली. ती चांगली आहे, पण तिथे बऱ्याचदा पुस्तकाचा पत्ता मिळतो आणि त्या पत्त्यावर गेलं की दुसरंच कुलूप. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटची 'एन-लिस्ट' नावाची योजना निघाली. लाखाहून जास्त ई-बुक्स, विद्यार्थ्याला स्वतःचा पासवर्ड, घरबसल्या वाचा. वाचून मला आनंदाचं भरतं आलं. पुढच्या ओळीत पात्रतेचे नियम होते. इंजिनिअरिंग, मेडिकल, मॅनेजमेंटची कॉलेजं वगळून! म्हणजे माझी बारावीची मैत्रीण बीएला गेली, तिला मिळू शकत होतं आणि मला नाही. मग नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' मंजूर केलं. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, जानेवारी २०२५ पासून सुरू. पण ते सरकारी संस्थांसाठी, आणि त्यात आहेत संशोधनाची जर्नल्स, पाठ्यपुस्तकं नव्हेत. आपल्यासारखी खाजगी कॉलेजं पहिल्या टप्प्यात बाहेरच. प्रत्येक ठिकाणी आपण दाराशी उभे. नंबर एकोणिसावा तरी कुठे, रांगेतच घेतलेलं नाही.

मग पोरं काय करतात ते सगळ्यांना ठाऊक आहे, फक्त मासिकात कुणी लिहीत नाही. टेलिग्रामवरून उतरवतात. मीही उतरवते. माझ्या पेन ड्राइव्हमध्ये किती पीडीएफ आहेत ते मी इथे लिहिणार नाही. आमच्या मजल्यावर वादविवाद झाला तेव्हा एकजण म्हणाली, "फुकट मिळतंय ना सगळं? मग इश्यू-बिश्यू हवंच कशाला?" मला तेव्हा पटकन उत्तर सुचलं नाही. आता सुचतं. एक तर त्या पीडीएफ बहुतेक स्कॅन केलेल्या असतात. सहा इंचाच्या पडद्यावर मुंगीएवढी अक्षरं, फॉर्म्युल्यातला मायनस गेलेला. एकदा अशा हरवलेल्या मायनसने माझे सहा मार्क खाल्ले आहेत. पण खरं कारण वेगळं आहे. आजीच्या पिशवीत बदलून आणलेलं पुस्तक असायचं तेव्हा रस्त्यात कुणी विचारलं तर ती ते काढून दाखवायची. माझा पेन ड्राइव्ह मी कुणाला दाखवत नाही.

आणि मराठी पुस्तकांचं नुकसान तर सरळ डोळ्यांना दिसतं. मराठीत साधारण पुस्तकाची आवृत्ती निघते हजारभर प्रतींची, आणि ती संपायला कधी कधी वर्षं जातात. त्यातलं एक पुस्तक कुणी स्कॅन करून व्हॉट्सअ‍ॅपवर सोडलं की एका रात्रीत त्याहून जास्त लोकांकडे पोचतं. 'वाचाल तर वाचाल' असा सुविचारही खाली जोडलेला असतो! लेखकाने काय वाचावं? म्हणजे, कशाने वाचावं? अशा वेळी प्रकाशकांनी ई-बुकला घाबरणं मला समजू शकतं. बिचाऱ्यांचा अनुभवच तसा आहे.

पण घाबरून दार लावलं तर मागच्या खिडकीतून ये-जा होणारच. ब्रिटनमध्ये यावर एक तोडगा आहे. तिथे १९७९ च्या कायद्याने लेखकाला सार्वजनिक वाचनालयातल्या प्रत्येक इश्यूमागे सरकारकडून थोडे पैसे मिळतात, आणि २०१८ पासून ई-बुकच्या इश्यूलाही. रक्कम काही पेनीच, पण लेखकाला दरवर्षी कळतं की आपलं पुस्तक इतक्यांनी नेलं. आपल्याकडे अशी सोय नाही. ती आली तर 'वाचनालयात फुकट वाचतात, विकत घेत नाहीत' ही लेखकांची जुनी कुरकुर बरीच कमी होईल, असं मला वाटतं.

आता तुम्ही म्हणाल, पोरगी निघाली ब्रिटनला. नाही हो, महाराष्ट्रातच आहे. आपल्याकडे १९६७ चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा आहे. शासनमान्य वाचनालयं अकरा-बारा हजारांच्या घरात आहेत. वरचा अमेरिकेचा आकडा आठवा, ११,०००! म्हणजे वाचनालयांच्या बाबतीत आपण काही कमी नाही. कमी आहे ती एकच गोष्ट, या सगळ्यांची मिळून एक ई-बुकची खोली. एकेका गावच्या वाचनालयाने परवाने घ्यायचे म्हटलं तर अनुदानात पंखे-दिवेसुद्धा भागत नाहीत. पण सगळ्यांसाठी मिळून राज्याने परवाने घेतले, आणि कार्ड मात्र आपापल्या गावच्या वाचनालयाचंच राहिलं, तर खोपोलीची आजी घरबसल्या पुस्तक बदलेल आणि वर्गणी खोपोलीच्या वाचनालयालाच जाईल. कुलुपासाठीही परदेशी कंपनीच्या पाया पडायला नको. रीडियम एलसीपी नावाचा प्रकार आहे, पुस्तकाला साधा पासवर्ड आणि मुदतीची तारीख. फ्रान्समधली वाचनालयं तो वापरतात. किंडलवर तो चालत नाही, हे खरं. पण मोबाईलवर चालतो आणि मोबाईल तर आजीकडेही आहे. यातला बराचसा कोड ओपन सोर्स आहे. बीई प्रोजेक्टसाठी विषय शोधणाऱ्यांनी लक्ष द्यावं. दरवर्षी किती ती 'ऑनलाइन लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टीम' करायची? एकदा तरी जिच्यातून खरोखर पुस्तक मिळेल अशी करू.

माणसांनी मनावर घेतलं की काय होतं त्याचंही उदाहरण आहे. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानची 'ग्रंथ तुमच्या दारी' योजना २००९ साली सुरू झाली. पुस्तकांनी भरलेल्या पेट्या. एक पेटी एका गटाकडे जाते, सगळे वाचतात, काही महिन्यांनी ती दुसऱ्या गटाकडे आणि तिकडची इकडे. पेटीच बदलून मिळते! या पेट्या दुबईच्या मराठी मंडळींपर्यंत गेल्या. ना सर्व्हर, ना परवाना. मी जेव्हा हे वाचलं तेव्हा वाटलं, मावशीचा किंडल म्हणजे तरी काय, एक पेटीच की. हजार पुस्तकं मावणारी, दोनशे ग्रॅमची.

म्हणून आपल्या लायब्ररीला माझी सूचना अगदी साधी आहे. राज्य जे करील ते करील. तोपर्यंत लायब्ररीने चार-पाच ई-रीडर घ्यावेत. नवा घ्यायचा तर किंमत पाच आकडी होते हे मला माहीत आहे. माजी विद्यार्थ्यांकडे वापरात नसलेले पडून असतील, मागून बघू. त्यात कायद्याने मोकळी पुस्तकं भरावीत आणि तो ई-रीडरच पुस्तकासारखा इश्यू करावा, सात दिवसांसाठी, शिक्का मारून, उशीर झाला तर फाइनसह. लेडीज हॉस्टेलला आधी.

मोकळी पुस्तकं म्हणजे कोणती? हा प्रश्न मला पाच जणांनी विचारला, म्हणून सांगते. आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षांनी पुस्तक सगळ्यांचं होतं. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, म्हणजे २०११ पासून त्यांची पुस्तकं कुणीही कुणालाही द्यावीत. हरिभाऊ आपटे, गडकरी तर त्याच्या कितीतरी आधीचे. (पु. ल. मात्र २०६१ साली मोकळे होतील. तेव्हा मी पंचावन्नच्या पुढे असेन आणि अक्षरं मोठी करून वाचेन.) महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने आपली कितीतरी पुस्तकं स्वतःच्या संकेतस्थळावर मोफत ठेवली आहेत. ई साहित्य प्रतिष्ठान लेखकांच्या परवानगीने मराठी ई-पुस्तकं फुकट देतं. इंजिनिअरिंगला अगदी लागतील अशी फिजिक्स, कॅल्क्युलसची चांगली पुस्तकं अमेरिकेतल्या राइस विद्यापीठाच्या ओपनस्टॅक्सने २०१२ पासून मोकळी केलेली आहेत. यातलं काहीही चोरीचं नाही. एका ई-रीडरला भरायला माझी एक दुपार गेली.

एक अडचण प्रामाणिकपणे सांगते. जुनी मराठी पुस्तकं बहुतेक स्कॅन स्वरूपात आहेत, ती छोट्या पडद्यावर नीट दिसत नाहीत. आणि मधल्या काळातली, संगणकावर जुळवलेली पुस्तकं युनिकोड यायच्या आधीच्या फॉन्टमध्ये अडकली आहेत. उघडली की 'आई'च्या जागी भलतीच चिन्हं उमटतात. किंडलवर तर मराठी पुस्तकं रीतसर विकायला आली तीच मुळी डिसेंबर २०१६ मध्ये. मावशीच्या लायब्ररीच्या यादीत भाषेच्या रकान्यात मी मराठी शोधून पाहिलं, मिळालं नाही. तेव्हा एखादं मोकळं मराठी पुस्तक पुन्हा टाइप करून नीट ई-पब बनवणं, हे काम कुणीतरी करायलाच हवं. आमच्या मजल्यावरच्या चौघींनी 'श्यामची आई' वाटून घेतलं आहे. माझ्या वाट्याची प्रकरणं मी टाइप करते तेव्हा एनएसएसचे तास म्हणून धरले जातील का, हे एनएसएसच्या सरांना विचारायचं आहे. कॉन्व्हेंटवाली टाइप करतेय म्हणून ऱ्हस्व-दीर्घ तपासायला आजी बसली आहे. फोनवरून.

लायब्ररी कमिटीला अर्ज दिला आहे. लेडीज हॉस्टेलच्या ४१ सह्या आहेत, मुलांच्या हॉस्टेलच्या ६. (का रे बाबांनो?) मॅडम म्हणाल्या, पुढच्या मीटिंगमध्ये घेऊ. माझा किंडल मी पहिला ई-रीडर म्हणून काउंटरवर ठेवायला तयार आहे, रजिस्टरमध्ये माझ्या रूममेटचं नाव पहिलं लिहावं, तिच्यामुळेच हे सगळं झालं. फक्त थोडे दिवस थांबा. काल मावशीचा मेसेज आला, तिचा नंबर आता तिसरा आहे.

(तृतीय वर्ष, संगणक अभियांत्रिकी)